सुनेच्या चांदण्या आन् माजं तोंड

पयल्यांदाच सांगून टाकते, मी तोंडाळ हाय. हे मी म्हणत न्हाय, मोबाईलवर लिवलेलं हाय, जगानं वाचलंय. त्यात निंगव्वा असं नाव न्हाय घातलं, 'तिची सासू' एवढंच घातलंय, पण नीलम नगरातलं शेंबडं पोर बी सांगंल ती कोण. मला त्याचं वाईट वाटत न्हाय. उलट कुणी वाचलं नसंल तर मी सवताच काढून दाखवते. का, ते ऐका.

माजी सून महेश्वरी. माहेर मैंदर्गीचं, घरची बोली कानडी. मराठी लग्नानंतर माज्याकडनं शिकली, म्हणून शिव्या तिला सगळ्या येत्यात, पण वापरत न्हाय. शिकून उपेग काय? सवभावानं गरीब गाय. पण हातात दोरा घेतला की ही बाई वायली हो. दोऱ्याचं एक टोक दातात, दोन बोटं इकडं, दोन तिकडं, आन् समोरचीला कळायच्या आत भुवई तयार. डोळ्यात पाणी यायचं राहून जातं. माज्या भुवया बघा, साठीला आले तरी भुवया पंचविशीच्या हायत.

नऊ वर्सं ती होटगी रोडला पायल मॅडमच्या पार्लरात उभी राहिली. बाया यायच्या महेश्वरीच्या हातासाठी आन् पाटीवर नाव पायलचं. कुणी "महेश्वरी कुटं हाय?" असं इचारलं की मॅडम म्हणायच्या, "सगळ्या मुलींना मीच शिकवलंय, कुणाकडूनही करून घ्या." शिकवलंय म्हणं. मॅडमच्या सवताच्या भुवया महेश्वरीच करून द्यायची. आन् गिऱ्हाईक नसलं की त्याच हातात झाडू. खाली पडलेले केस गोळा करा, बेसिन घासा, च्या आणा. घरी येऊन कदी तक्रार केली न्हाय, पण जेवण झालं की बोटं गरम पाण्यात बुडवून बसायची. मला दिसायचं, बोलायची मी बी न्हाय. म्हणजे दुसरं सगळं बोलायची, ते एक सोडून.

मग गेल्या दिवाळीनंतर माजा लेक शिवकुमार मोबाईल नाचवत घरात आला. ह्यो अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात हाय. म्हणला, आता सोलापुरात बी ते ॲप आलंय. बाई घरात बसून बटन दाबती आन् पार्लरवाली दारात येती. पार्लर नगं, पाटी नगं, मॅडम नगं. महेश्वरीनं आदी ऐकल्यासारखं केलं न्हाय. तीन दिवसांनी मला म्हणली, "अत्ती, जाऊ का सोडून?" आमच्यात सासूला अत्ती म्हणत्यात. मी म्हणलं, "नऊ वर्सं इचारलं न्हायस, आता काय इचारतीस? जा की."

पायल मॅडम चिडल्या न्हाईत, हसल्या. म्हणल्या, "चार महिन्यांत येशील परत. आल्यावर झाडू कुठंय ते विचारू नको, जागेवरच असेल."

ह्ये वाक्य महेश्वरीनं मला एकदाच सांगितलं. पण मला ते रोज ऐकू यायचं, भाकरी थापताना सुदिक.

त्या ॲपचं नाव इंग्रजी हाय, माज्या जिभेवर बसत न्हाय, म्हणून घेत न्हाय. शिवकुमारनं कागदं घातली, फोटो घातला, परीक्षा झाली, मेणाची डबी, चादरी, लेपाच्या पुड्या अशी एक पेटी आली. सगळं झालं आन् मोबाईल काय वाजंना. वीस दिवस. महेश्वरी तो फोन देव्हाऱ्यासमोर ठेवायची, आंघोळीला जाताना मला राखण बसवायची. मला कारण कळायला येळ लागला. बाया म्हणं नावाखालच्या चांदण्या बघून बोलावत्यात. पाच चांदण्या असत्यात, काम आवडलं की बाई तेवढ्या पेटवती. आता चांदणी न्हाय म्हणून काम न्हाय, आन् काम न्हाय म्हणून चांदणी न्हाय. लग्न झाल्याबिगर येड जायना आन् येड गेल्याबिगर लग्न व्हईना, तसली गत.

एकविसाव्या दिवशी वाजला. जुळे सोलापुरातली बाई, फेशियल पायजे. शिवकुमार कामावर. मी म्हणलं, परक्याच्या घरात एकटी पोरगी कशी जाईल, मी येते. महेश्वरी म्हणली, "अत्ती, तसं चालत न्हाय, नाव लागतं." तर शिवकुमारनं माजं बी नाव घातलं. मदतनीस. फोटो काढला, गळ्यात घालायचं कार्ड आलं. साठ वर्सांत पयल्यांदा माज्या गळ्यात इष्टलिंगाशेजारी कार्ड आलं, मी ते तीन दिवस झोपताना बी काढलं न्हाय.

आता माजी मदत काय? पेटी उचलायची, पाणी गरम करायचं, चादर अंथरायची. ते दहा मिंटांत व्हतं. मग उरलेला घंटाभर मी काय करू? माळ जपू? आन् एक सांगते, तोंडावर लेप लावून पडलेल्या बाईवानी ऐकणारं माणूस जगात न्हाय. तिला उठता येत न्हाय, बोलता येत न्हाय, डोळ्यावर काकडी. मी आपली इचारायची, कुटलं गाव, माहेर कुटलं, सासू कुटं निजती. उत्तर येत न्हाय म्हणून मग मीच सांगायची. एकीच्या घरात ज्वारीला किडा लागला व्हता, ते मी सांगितलं. एकीच्या फ्रीजात शिळी आमटी, ती मी टाकून दिली. एका बाईनं मेण लावताना ओरडा केला, मी म्हणलं, बाई, बाळंतपण कसं काढलंस? तर ती म्हणली, माजं लग्न व्हायचंय.

काम सगळ्यांना आवडायचं. पण वीस जणींनी चांदण्या दिल्या त्यातल्या सहा जणींनी पाचाच्या जागी चार दिल्या, आन् सहाच्या सहा माज्यापायी. खाली लिवायच्या, 'काम उत्तम, काकू फार बोलतात.' एकीनं लिवलं, 'काकूंनी आमच्या घरातली भांडी बदलून लावली.' लावली मग. चुकीची लावली व्हती तिनं.

सगळ्याची मिळून बेरीज चार पॉइंट सात झाली. ह्या पॉइंटाचं काम लई नाजूक. चार पॉइंट सहाच्या खाली गेलं की ॲपवाले नाव काढून टाकत्यात. मग परत पयल्यापास्नं न्हाय, परतच न्हाय. नाव गेलं म्हणजे गेलं. म्हणजे महेश्वरीला झाडू.

त्या दिवशी तिनं मला समोर बसवलं. आवाज चढवला न्हाय, चढवला असता तर मला बरं वाटलं असतं, मला बी चढवता आला असता. म्हणली, "अत्ती, मी तुमाला घरी बसा म्हणणार न्हाय. पण कामाच्या घरात बोलायचं न्हाय. लिंगावर हात ठेवून सांगा." आता गळ्यातल्या लिंगावर हात ठेवून बोललेलं आमच्यात मोडत न्हाईत. मी ठेवला हात. कामाच्या घरात, काम असंपातुर, एक अक्षर बोलणार न्हाय. शिवा शिवा, काय दिवस आले.

आन् लगेच नवरीचं काम आलं. ॲपवरनं पयलीच नवरी. वैरागला. पोरीचं नाव ऋतुजा, शेतकऱ्याचं घर, लग्न बुधवारचं. ऋतुजाचा फोन लग्नाच्या गडबडीत पाण्याच्या पिपात पडला व्हता, म्हणून तिनं आजीच्या फोनवरनं आमाला बोलावलं. ही आजी, बजाबाई. हे ध्यानात ठेवा, पुढं सगळं हिच्यामुळं घडलं.

आमी पहाटेच्या बार्शी गाडीनं निघालो, पेटी मांडीवर. लग्नघर म्हणजे बोलायला काय कमी असतं? मांडव वाकडा. आचारी तंबाखू मळून त्याच हातानं मीठ टाकतोय. नवरीची मावशी नवरीपेक्षा जास्ती नटलेली. मी सगळं बघत व्हते आन् गिळत व्हते. पण तोंड उघडलं न्हाय. च्या इचारला तरी मान हलवली. दोघीतिघींनी मला मुकी समजून हातवारे केले.

महेश्वरीनं ऋतुजाला तीन घंटे सजवलं. दुसऱ्या पार्लरवाल्या नवरीला चुना फासत्यात, मान एका रंगाची आन् तोंड दुसऱ्या. हिनं गव्हाळ पोरगी गव्हाळच ठेवली. पण असं काय केलं की त्या पोरीकडं बघून मला माजं लग्न आठवलं, आन् माज्या लग्नात तर मला कुणी नीट बघितलं बी न्हाय. बजाबाई आत आली. पंचाहत्तरीची, वाळकी, डोळे मातर घारीचे. नातीकडं बघतच राहिली. मग दोन्ही हात तिच्या तोंडावरनं फिरवून आपल्या कानशिलावर कडाकडा बोटं मोडली, काजळाचं बोट पोरीच्या कानामागं लावलं, आन् पदर डोळ्याला लावून भायेर गेली. महेश्वरीनं माज्याकडं बघितलं. जिंकलो, असं तिच्या डोळ्यात व्हतं.

ऋतुजाला इचारून तिनं एक फोटो बी काढला, ॲपवर आपल्या नावाखाली लावायला.

गुरुवारी सकाळी फोन वाजला. वैरागच्या कामाला चांदणी आलेली. एक.

एकच.

चार पॉइंट सातचं चार पॉइंट पाच झालं. खाली ॲपवाल्यांचा निरोप, रईवारी संध्याकाळी सातपातुर चार पॉइंट सहाच्या वर न्हाय आलं तर नाव बंद. आन् तवर नवीन काम बी मिळणार न्हाय. म्हणजे दुसरीकडनं चांदण्या मिळवून भर घालावी तर ते बी दार बंद. महेश्वरी भुवयाच्या दोऱ्याचं रीळ हातात घेऊन भिंतीला टेकून बसली. उकलायची आन् गुंडाळायची. मग खालच्या मानेनंच म्हणली, "अत्ती, तुमी काय बोलला व्हता का तितं?"

मला काय झालं सांगू. जनमभर बोलून मी शिव्या खाल्ल्या, ते मला मान्य हाय. पण एक दिवस, आख्ख्या हयातीत एक दिवस मी तोंडाला कुलूप घातलं, आन् त्याच दिवसाचा आळ माज्यावर? मी म्हणलं, "महेश्वरी, लिंगावर हात ठेवला व्हता मी." ती म्हणली, "व्हय अत्ती." पण ते व्हय कसलं, न्हायच की ते. शिवकुमार आला, त्यानं बी पयलं माज्याकडं बघितलं. मी त्या दिवशी दोघांच्या ताटात भाकरी आदळली. कडकच व्हती, मोडली.

शुक्रवारी शिवकुमारनं ॲपवाल्यांना फोन लावला, मी हिसकून घेतला. पलीकडं कोण पोरगी, हिंदी बोलणारी. मी म्हणलं, "हमारे बहू का कुच गलती नई, और हमने मूं बी नई खोल्या." ती म्हणली, रेटिंग सिर्फ ग्राहक बदल सकते हैं. मी म्हणलं, "वो गिराईक कू तुम फोन लगाव." ती म्हणली, हम नहीं कर सकते, आपका दिन शुभ हो. असा राग आला. दिवस शुभ करायचा आसंल तर चांदणी दे की माजे आई, तोंडानं कशाला करतीस.

त्याच दुपारी पायल मॅडमचा महेश्वरीला फोन. सोलापूर लई लहान हो, कुणी काय सांगितलं कोण जाणे. एवढंच म्हणल्या, "सोमवारपासून ये, पोरी कमीच पडतायत." महेश्वरीनं फोन ठेवला. पेटी उघडली, सगळे बुरुस धुतले, पुसले, आन् फडक्यात बांधून कपाटाच्या वरच्या खणात ठेवले. वरच्या खणात आमी मेलेल्या माणसाची कापडं ठेवतो.

मला ते बघवलं न्हाय. शनवारी सकाळी 'मठात जाते' असं सांगून मी बार्शी गाडीत बसले. येकटी. रस्ताभर मनात शब्द लावत गेले, कुटला आदी आन् कुटला मागनं.

वैरागला मांडव उतरला व्हता. बजाबाई अंगणात शेंगा निवडत बसलेली. मला बघून उठली, हात धरला. "अगं बाई, सोलापूरची मुकी बाई न्हवं तू? बस, बस. तुज्या सुनंनं काय नवरी केली माजी. गाव अजून बोलतंय."

मी म्हणलं, "मावशी, मी मुकी न्हाय. गाव बोलतंय तर मग तुमी एकच चांदणी का दिली ते सांगा."

ती हसली की. म्हणली, "अगं, ती तीट."

मला पयलं कळलंच न्हाय.

मग तिनं फोन आणला, मला दाखवला. ऋतुजाचा फोटो, त्याच्या खाली पाच चांदण्या, एकच पेटलेली. म्हणली, "हे बघ. तुज्या सुनंनं पोरीचा फोटो जगाला लावलाय. कोण कोण बघत असंल, कुणाचा डोळा कसा. आन् त्याच्या खाली पाचच्या पाच चांदण्या पेटवू? भरलेल्या ताटावर दृष्ट पडती बाई. म्हणून एकच लावली, टिकलीयेवढी. काजळाचं बोट फोटोला लागत न्हाय, मग काय लावणार?"

शिवकुमारला मी बारा वर्सांचा व्हईपातुर गालाला काळं लावून शाळेत पाठवला. कानडीत आमी दृष्टीबट्टू म्हणतो, पण काळं ते काळंच. तिच्या जागी मी आसते तर चांदणी पेटवलीच नसती, फोनवरच काजळ फासलं असतं. गाडीत लावलेले सगळे शब्द वाया गेले.

मी तिला नीट सांगितलं. रईवार, संध्याकाळचे सात, पायल मॅडम, झाडू, वरच्या खणातले बुरुस. तिचं तोंड उतरलं. म्हणली, "आगं माजे बाई, मला काय ठावं? एका बोटानं पोरीचं घर पाडलं मी." मी म्हणलं, "मग पुसा आता." तर म्हणली, "बुधवारी पुसते. मांडवपरतणीला ऋतुजा यील, दारात उतरंल, मग तुज्यासमोर पुसते."

मी म्हणलं, "बुधवारी नाव ऱ्हातंय कुटं मावशी? उद्या सातला संपलं."

तिनं शेंगांचं सूप पुढ्यात ओढलं. मग म्हणली, "माजी थोरली लेक लग्नात अशीच दिसली व्हती. सगळा गाव म्हणला, लक्ष्मी. मी तिला काळं लावायचं इसरले, पाव्हण्यांच्या गडबडीत. म्हयन्यात तापानं गेली. तू म्हणशील ताप व्हता. मी बी म्हणते ताप व्हता. पण ऋतुजा घरात आल्याबिगर मी तीट पुसणार न्हाय, तू पाया पडलीस तरी न्हाय."

ह्याच्यावर भांडता येत न्हाय. मी भांडखोर हाय, राक्षस न्हाय. तिनं च्या टाकला. माज्या डोळ्यापुढं ते वरच्या खणातलं फडकं. आन् च्या पिताना मला सुचलं. म्हणलं, "मावशी, तीट म्हणजे काय? चांगल्यात एक डाग. मग डाग चांदणीतच कशाला? पाच पेटवा, आन् खाली लिवायला जागा असती तितं डाग लावा."

"कसला डाग? पोरीचं काम तर निर्मळ झालं."

"माजा लावा. सासू वाईट हाय म्हणून लिवा. दृष्ट पडली तर माज्यावर पडंल. मला काय व्हतंय, मला आजवर कुणाची लागली न्हाय."

बजाबाईला पटलं, पण म्हातारी लई खट. मान हलवून म्हणली, "न्हाय. तू त्या दिवशी शेळीवानी गप बसलीस. वाईट वागली न्हायस. मी खोटं लिवणार न्हाय, आन् खोटी तीट लागू व्हत न्हाय."

म्हणजे बघा. गप बसले म्हणून माज्यावर आळ, आन् गप बसले म्हणून आता सुटका न्हाय. मी शपथ आठवून बघितली. कामाच्या घरात, काम असंपातुर. आज काम न्हाय. लिंगावर हात ठेवला, मनात म्हणलं, देवा, ह्यात काय मोडत न्हाय, तूच बघ. आन् सोडलं तोंड.

"मावशी, खरं सांगू का? हा च्या न्हाय, हे भांडी धुतलेलं पाणी हाय."

तिनं कप नाकाला लावून हुंगला. मी म्हणलं, "आन् त्या दिवशीचा मांडव. उत्तरंकडं कलला व्हता, अक्षता नवऱ्यावर कमी आन् आचाऱ्यावर जास्ती पडल्या. वांग्याच्या भाजीत मीठ असं, की दोन पाव्हणे घागरीजवळच जेवले. नवरीची ती मावशी का कोण, दुसरी नवरी वाटत व्हती, भटानं दोनदा तिच्याच हातात नारळ दिला." बजाबाईच्या नाकपुड्या फुगल्या. पण अजून कमीच. मग मी उठले, तिच्या चुलीकडं गेले, डबे उघडले, म्हणलं, "हे काय, तिखटाच्या डब्याला झाकण न्हाय? आन् ह्या शेंगा निवडल्या म्हणता? अर्ध्या पोचट हायत. डोळ्याला दिसत नसंल तर दुसऱ्या कुणाला बसवा." सूप उचललं आन् तिच्या निवडलेल्या शेंगांतल्या मूठभर शेंगा भायेर टाकल्या.

ते मातर लागलं. "माज्या घरात यिऊन माज्या शेंगा टाकतीस?" म्हणत म्हातारी उभी राहिली. काय बोलली ती. मी बी बोलले. शेजारच्या दोन बाया कुडावरनं बघायला आल्या. बऱ्याच दिवसांनी मला बरोबरीचं माणूस भेटलं, खोटं कशाला बोलू, मजा आली.

दम लागल्यावर ती खाली बसली, फोन घेतला, पाच चांदण्यांवर पाच येळा बोट मारलं, आन् बोललेलं लिवून घेणारं ते बटन दाबून फोनात खच्चून बोलली. जे उमटलं ते असं, 'पोरीनं नात सजवली ती लक्ष्मी दिसली, असा हात जिल्ह्यात न्हाय. पण तिची सासू. असली तोंडाळ, कजाग, दुसऱ्याच्या डब्यात नाक खुपसणारी बाई मी पंचाहत्तर वर्सांत बघितली न्हाय.'

मला वाचून दाखवलं. म्हणली, "दिऊ का सोडून?"

मी म्हणलं, "कजागच्या आदी 'लई' घाला."

तिनं घातलं. मग आमी परत च्या पिला. आता साखर बरी व्हती.

घरी आले तर महेश्वरी दारातच उभी. हातात फोन. चार पॉइंट सात. पण तोंडावर हसू न्हाय. म्हणली, "अत्ती, म्हणजे तुमी बोललाच व्हता तर. हे काय लिवलंय तिनं." मी म्हणलं, "लिवलंय ते खरं हाय." आन् आत जाऊन लोळले. सांगून काय करू? नाव वाचलं, बास झालं. मला एवढंच वाईट वाटलं, की मी गप बसलेला तो एक दिवस कुणाच्याच हिशोबात न्हाय.

पण म्हाताऱ्या बाईच्या पोटात काय ऱ्हातंय व्हय. बुधवारी ऋतुजा सुखरूप आली, तशी बजाबाईनं महेश्वरीला फोन केला. घंटाभर बोलली. मी आत भाकरी थापत व्हते, हिकडचं नुसतं "व्हय आजी, व्हय आजी" ऐकू यायचं. शेवटाला म्हातारीनं इचारलं म्हणं, आता पुसू का गं ती तीट, पोरगी आली घरी. महेश्वरी म्हणली, "नगं आजी. ऱ्हाऊ दे." आन् माज्याकडं न बघता कपाटातलं फडकं काढून बुरुस परत पेटीत लावत बसली, एकेक.

पायल मॅडमनी बी आता त्या ॲपवर नाव घातलंय. मी मुद्दाम बघत न्हाय. चार पॉइंट तीन हाय.

परवा विजापूर रोडच्या एका घरात फेशियल व्हतं. मी सवयीनं चादर अंथरली, पाणी ठेवलं आन् कोपऱ्यात स्टुलावर तोंड मिटून बसले. बाईच्या तोंडावर लेप, डोळ्यावर काकडी. बाई ओठ न हलवता म्हणली, "त्या सासूबाई ह्याच का? मी वाचलंय." महेश्वरी म्हणली, "व्हय, ह्याच माज्या अत्ती." मग हातातला बुरुस खाली ठेवून माज्याकडं वळली. म्हणली, "अत्ती, गप का बसलाय? ती शपथ सुटली. बोला की."

समोर हक्काचं गिऱ्हाईक पडलेलं, उठता न येणारं. दिवाणखान्यातला पडदा उलटा लावलेला मला आल्या आल्या दिसला व्हता. आन् माज्या मेलीच्या तोंडातनं एक अक्षर फुटंना. मी नुसती महेश्वरीकडं बघत बसले, आन् ती परत त्या बाईच्या कपाळावरनं हात फिरवायला लागली.